किस्स्यांआडची शांता आपटे

सोलापूरहून वाडीच्या दिशेने पॅसेंजर निघाली की होटगी, अक्कलकोट रोड ही स्थानके मागे टाकत ती दुधनीला येते. अक्कलकोट तालुक्यातले, कर्नाटकाच्या उंबऱ्यावरचे हे गाव. फलाटावर मराठीइतकीच कानडी कानावर पडते. नोकरीच्या निमित्ताने मी या मार्गावरून कित्येक वर्षे ये-जा केली, पण शांता आपटे यांचा जन्म १९१६ साली याच गावी झाला हे मला वयाची चाळिशी उलटल्यावर कळले. कळल्यानंतर पहिल्याच फेरीत मी खिडकीतून उगाचच फलाट न्याहाळला. काय शोधत होते कोण जाणे. गाडी दोन मिनिटे थांबली आणि सुटली.

मी नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी नाही आणि कुठल्या विद्यापीठाच्या चित्रपट विभागातही शिकलेले नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि यंत्रमागाच्या धंद्यात हिशेब लिहिण्यात उमेदीची वर्षे घालवली. हजेरीपत्रक, पगारपत्रक आणि करारनामे ही माझी रोजची पोथी. जुन्या चित्रपटांची गोडी लागली ती गावातल्या एका चित्रपट मंडळामुळे. तिथे एका रविवारी सकाळी 'कुंकू' पाहिला आणि मग शांता आपटे या नावाचा पाठलाग सुरू झाला. हे आधीच सांगितले, कारण पुढचे विवेचन एका हिशेबनिसाच्या नजरेतून झाले आहे. ती नजर रसिकाच्या नजरेपेक्षा कोरडी असते. पण या नटीच्या बाबतीत तिचा थोडा उपयोग होईल असे मला वाटते.

किस्से आणि त्यांची सोय

शांताबाईंविषयी चार ज्येष्ठ माणसांशी बोलावे, तर दोन गोष्टी हमखास ऐकायला मिळतात. पहिली, त्यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषण केले. दुसरी, एका सिनेमासिकाच्या संपादकाने त्यांच्याविषयी वाईटसाईट लिहिले, तेव्हा त्या तडक त्याच्या कचेरीत गेल्या आणि त्याला प्रसाद दिला. कुणी म्हणते चाबूक होता, कुणी म्हणते वेताची छडी. सांगणाऱ्यागणिक हत्यार बदलते. शेवटी सगळ्यांचे एकमत होते ते मात्र एकाच शब्दावर : बाई फार तापट.

दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या जातात, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. उपोषण ही १९३९ साली घडलेली घटना. तिच्या मागे एक करार होता, पगार होता, दोन पक्ष होते. छडीची गोष्ट हा किस्सा. तो मुळात 'कुंकू'मधल्या नीरासारखा आहे. सावत्र मुलगा पंडित आगळीक करतो, तेव्हा तीही छडी उचलते. प्रेक्षकांनी पडद्यावरची नीरा आणि पडद्याबाहेरची शांता यांची अशी सरमिसळ केली की कुठली छडी कुठली हेच उरले नाही. आणि एकदा 'तापट' हा शब्द सापडला की उपोषणाची कारणे विचारण्याची गरजही संपते. स्वभाव हेच कारण ठरते. करार कुणी वाचत नाही.

या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की शांता आपटे यांची कारकीर्द स्वभावाने उलगडत नाही. तिच्यात सुरुवातीपासून अखेरपर्यंत एक मागणी दिसते : माझे काम हे माझे काम आहे, त्याच्या अटी मला ठाऊक असल्या पाहिजेत आणि त्या ठरवण्यात माझा शब्द असला पाहिजे. त्यांच्या गाण्यात, त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भूमिकेत, त्या उपोषणात आणि त्यांनी लिहिलेल्या एका पुस्तकात ही मागणी वेगवेगळ्या रूपांत येते.

गाणारे हात

शांताबाईंचे गाण्याचे शिक्षण पंढरपूरला झाले. थोरले भाऊ बाबूराव यांच्या देखरेखीखाली त्या लहानपणापासून गाऊ लागल्या. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये त्या राधा झाल्या. कृष्ण होते शाहू मोडक. बोलपट येऊन जेमतेम वर्ष झाले होते. मुंबईत हा चित्रपट पंचवीस आठवड्यांहून अधिक काळ चालला. सोळा वर्षांच्या मुलीसाठी ही सुरुवात दणक्यात म्हणायची. पण तिच्या अभिनयाला खरा आकार आला तो पुढे, पुण्यात.

१९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली. पुण्यातला पहिला मोठा चित्रपट 'अमृतमंथन' (१९३४). त्यात शांताबाई नायकाची बहीण सुमित्रा झाल्या. संगीत केशवराव भोळे यांचे. इथे थोडे थांबायला हवे, कारण भोळे कुठून आले होते हे महत्त्वाचे आहे. आदल्याच वर्षी, १९३३ मध्ये, नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले होते. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, गाणी मोजकी आणि आटोपशीर ठेवली आणि ती नाट्यप्रसंगाला धरून बसवली. त्या नाटकाचे संगीत भोळ्यांचे होते आणि नायिका ज्योत्स्ना भोळे.

संगीत नाटकाच्या परंपरेत पद सुरू झाले की नाटक थबकत असे. गायक नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राही, राग उलगडे, तान घेई, वन्समोअर आला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात गैर काही नव्हते. प्रेक्षक त्याच आनंदासाठी तिकीट काढत होता. पण पात्र तेवढा वेळ पात्र राहत नसे. सुरुवातीच्या बोलपटांनी हीच सवय उचलली. शिवाय ध्वनिमुद्रण चित्रणाच्या वेळीच होई, त्यामुळे नटाने माइकच्या टप्प्यात राहून गाणे भाग असे. परिणाम असा की पडद्यावरची कितीतरी गाणी खांबासारखी ताठ.

शांताबाईंनी हा ताठपणा मोडला. त्या काळच्या प्रेक्षकांना त्यांच्या गाण्यात सर्वांत नवे वाटले ते त्यांचे हात आणि डोळे. त्या गाताना चालतात, वस्तूंना हात लावतात, मान वळवून समोरच्याकडे पाहतात, बोटांनी एखादा शब्द सुटा करून दाखवतात. हे नृत्य नव्हे आणि अदाही नव्हे. घरात काम करता करता गुणगुणणाऱ्या मुलीचे जे अंग असते ते त्या कॅमेऱ्यासमोर आणतात. भोळ्यांनी गाणे प्रसंगात बसवले आणि शांताबाईंनी ते शरीरात. याची पावती तेव्हाच्या लेखनात 'चुणचुणीत', 'अवखळ', 'चपळ' अशी विशेषणे देऊन दिलेली दिसते. ही विशेषणेही पुन्हा स्वभावाचीच. प्रत्यक्षात ते तंत्र होते. माइकच्या मर्यादेत राहून मोकळे दिसणे ही कमावलेली गोष्ट आहे, आणि सलग पाच वर्षे, चित्रपटामागून चित्रपट, ती त्यांनी कमावली. 'अमरज्योती'त (१९३६) दुर्गा खोटे यांच्या सौदामिनीसमोर त्या राजकन्या नंदिनी झाल्या. सौदामिनी बंडखोर; सगळे नाट्य तिच्या वाट्याला. अशा भूमिकेसमोर झाकोळून न जाणे हे नंदिनीचे यश, आणि ते बरेचसे गाण्यांतून आलेले आहे.

शारदा आणि नीरा

'कुंकू' (१९३७) बद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट हिंदीत 'दुनिया न माने' या नावाने झाला. पैशाच्या लोभाने नातलग नीरा या अनाथ मुलीचे लग्न म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी, लावून देतात. नीरा हे लग्न मानत नाही. त्याच घरात राहून ती नवऱ्याला नवरा म्हणून नाकारते. काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते.

मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट नवी नव्हती. १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'ने बाला-जरठ विवाहाचा विषय घरोघर पोचवला होता. तेव्हापासून 'कुंकू'पर्यंत अडतीस वर्षे. या दोन कृती शेजारी ठेवून पाहिल्या की शांताबाईंनी नेमके काय केले ते कळते.

'शारदे'त कांचनभट पैशासाठी मुलगी भुजंगनाथाला द्यायला निघतो. शारदा सोसते, रडते, मैत्रिणींजवळ आणि आईजवळ मन मोकळे करते. लग्न मोडते ते वधूवर सगोत्र असल्याचे कोदंड उघड करतो म्हणून. मग शारदा जीव द्यायला नदीवर जाते आणि तिला वाचवतो कोदंड. पुढचा मार्ग मोकळा करतात शंकराचार्य. म्हणजे जिचे दुःख सांगायला नाटक लिहिले तिच्या हातात कुठलाच निर्णय नाही. वर, रंगभूमीवर ही शारदा दीर्घकाळ पुरुषांनी उभी केली. बालगंधर्वांची शारदा डोळ्यांपुढे असलेली पिढी 'कुंकू' पाहायला आली होती.

नीराकडे कोदंड नाही. तिला वाचवायला बाहेरून कुणी येत नाही. ती मदत शोधते ती घरातच : आत्याबाईंच्या पंक्तीतली लहान मुलगी, आणि वयाने नीरापेक्षा मोठी असलेली काकासाहेबांची समाजसेविका कन्या चित्रा. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली, ज्या प्रत्यक्षातही केंब्रिजला गणित शिकून आलेल्या आणि संततिनियमनाच्या कामात पडलेल्या बाई होत्या. चित्रा वाद घालते. नीरा वाद फारसा घालत नाही. ती दार लावून घेते. ती समोरच्याकडे सरळ पाहते. नकाराचा बराचसा भाग शांताबाईंनी शब्दांविना केला आहे, आणि पुरुषाने उभ्या केलेल्या शारदेला जे शक्यच नव्हते ते इथे घडते. स्त्रीचे शरीर स्वतःच्या वतीने नाही म्हणते.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही, हे तंत्रज्ञ मंडळी कौतुकाने सांगतात. जे ऐकू येते ते प्रसंगातूनच येते. घड्याळाचे ठोके, रस्त्यावरच्या भिकाऱ्याचे गाणे, ग्रामोफोनची तबकडी. शांताबाईंच्या बाजूने या निर्णयाचा अर्थ मोठा आहे. पार्श्वसंगीत नसले की नायिकेच्या दुःखावर सारंगी वाजत नाही. प्रेक्षकाला रडायची सूचना मिळत नाही. नीराचा राग आणि तिची शांतता कोणत्याही आधाराविना उभी राहावी लागते. इंग्रज कवी नव्हे, अमेरिकन कवी लाँगफेलो याची जीवनावरची कविता ती इंग्रजीतून गाते, तो प्रसंग आज काहींना कृत्रिम वाटतो. मलाही पहिल्यांदा वाटला होता. पण त्या घरात नीराला तिच्या मनातले बोलायला मराठीत जागाच उरलेली नसते. घरातली मराठी सगळी नात्यांची : पत्नी, सावत्र आई, सून. परकी भाषा तिला तेवढ्यापुरती या नात्यांबाहेर नेते. तो प्रसंग मी आता असा वाचते.

आता शेवट. काकासाहेबांना अखेर आपली चूक उमगते. ते जीव देतात आणि नीराने नवे आयुष्य सुरू करावे अशी चिठ्ठी मागे ठेवतात. इथे 'शारदा' उलटी झाली आहे. नदीची वाट आता म्हाताऱ्याने धरली. मात्र एक गोष्ट उलटली नाही. नीराची सुटका तिच्या नकाराने होत नाही, काकासाहेबांच्या पश्चात्तापाने होते. दात्यांनी तो पश्चात्ताप इतका उत्कट केला की प्रेक्षक घरी जाताना त्यांच्यासाठी हळहळत जातो. चित्रपटाने नीराला हक्क दिला, पण दानपत्रासारखा. 'कुंकू'वर माझा एवढा एक आक्षेप आहे, आणि पुढे दोनच वर्षांत जे घडले त्याच्या प्रकाशात तो मला अधिकच जाणवतो.

फाटकापाशी

'नाटक कंपनी' या शब्दातूनच 'फिल्म कंपनी' हा शब्द आपल्याकडे रुळला, आणि शब्दाबरोबर रीतही आली. नाटक कंपनी म्हणजे एक फिरते बिऱ्हाड. मालक वडीलकीच्या नात्याने वागायचा, नट त्याच्या पंक्तीला जेवायचे. कंपनी हेच घर, त्यामुळे घर सोडून जाणारा कृतघ्न. चित्रपटाच्या स्टुडिओंनी त्यावर मासिक पगार आणि लेखी करार चढवले, पण आतले वळण कुटुंबाचेच ठेवले. प्रभातमध्ये शिस्त होती, वेळच्या वेळी काम होते, कलाकारापासून सुतारापर्यंत सगळे पगारी होते. त्या शिस्तीतून मोठे चित्रपट निघाले हे कुणीच नाकारणार नाही. त्याच वेळी करारात बांधलेल्या नटाला दुसरीकडे काम करता येत नसे. कंपनीने भूमिका दिली तर करायची, नाही दिली तर थांबायचे. नटीसाठी थांबण्याची किंमत मोठी असते, कारण तिची वर्षे मोजकी धरली जातात.

'गोपाळकृष्ण' (१९३८) हा प्रभातमधला त्यांचा शेवटचा मोठा चित्रपट. १९३९ मध्ये करार आणि पगार यांवरून कंपनीशी वाद झाला आणि शांताबाई प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसल्या. त्यांचे वय तेवीस.

या घटनेकडे 'नटीचा त्रागा' म्हणून पाहणाऱ्यांनी ते वर्ष जरा आठवावे. मार्च १९३९ मध्ये गांधीजींनी राजकोटला उपोषण केले होते. दिलेला शब्द संस्थानाने पाळला नाही, हा त्यामागचा मुद्दा. त्याआधी चारच महिने, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला. संप करण्याचा कामगाराचा हक्क त्या विधेयकाने आवळला जात होता, आणि विरोधात डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उभे होते. थोडक्यात, दिलेला शब्द मोडला तर काय करायचे आणि मालकाशी मतभेद झाला तर कामगाराने काय करायचे, हे दोन प्रश्न त्या वर्षी रोजच्या वर्तमानपत्रांत होते. शांताबाईंनी दोन्हींचे हत्यार उचलले आणि एका स्टुडिओच्या फाटकाशी नेऊन ठेवले. यात त्रागा असेलही. पण त्यात स्वतःला कोण समजायचे याचे उत्तर आहे. कंपनीच्या कुटुंबातली रुसलेली लेक आतल्या खोलीत उपाशी राहते. फाटकाशी बसतो तो कामगार.

'कुंकू'च्या शेवटाशी हे ताडून पाहा. चित्रपटात नीराच्या घरच्या कर्त्याला पश्चात्ताप होतो. पुण्यातल्या फाटकाशी तसे काही झाले नाही, होण्याचे कारणही नव्हते. कंपनीला तिची बाजू होती, नियम होते. शांताबाईंचा प्रभातशी संबंध संपला. त्यांना दानपत्र मिळाले नाही; मिळाली ती मोकळीक, आणि ती त्यांनी स्वतः घेतली.

प्रश्नार्थक शीर्षक

उपोषणानंतरच्या वर्षी, १९४० मध्ये, शांताबाईंचे 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक आले. किस्से सांगणाऱ्यांच्या बोलण्यात ते क्वचितच येते. आणि माझ्या मते तोच त्यांचा सर्वांत मोलाचा दस्तऐवज आहे.

मराठीत नट्यांच्या आत्मचरित्रांची एक समृद्ध ओळ आहे. हंसा वाडकरांचे 'सांगत्ये ऐका', स्नेहप्रभा प्रधानांचे 'स्नेहांकिता', दुर्गाबाईंचे 'मी दुर्गा खोटे'. ही पुस्तके १९७० आणि त्यानंतरची, कारकिर्दीचा ऐन बहर ओसरल्यावर मागे वळून पाहत लिहिलेली. त्यांत भोगलेले आहे, सोसलेले आहे, आणि झाले ते झाले असे म्हणण्याइतके अंतरही आहे. शांताबाईंनी लिहिले ते चोविसाव्या वर्षी, धंद्यात पाय रोवून उभ्या असताना, ज्या निर्मात्यांकडे उद्या काम मागायचे त्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्यांनी आत्मचरित्र लिहिलेच नाही. सिनेमात येऊ पाहणाऱ्या नवख्या मुलामुलींसाठी त्यांनी या धंद्याची चिकित्सा लिहिली. पैसा कोण घालतो, राबतो कोण, करारात काय असते, हौशी माणसाचे काय होते, कीर्ती नावाच्या वस्तूचा मालक कोण.

शीर्षक पुन्हा वाचावे. त्या काळात 'कुलीन स्त्रियांनी चित्रपटात जावे काय?' अशा धर्तीचे वाद नियतकालिकांतून रंगत. त्यात प्रश्न विचारणारे बहुधा पुरुष, उत्तर देणारेही तेच, आणि 'स्त्रिया' तृतीयपुरुषी. चर्चेचा विषय शील. शांताबाईंनी त्याच प्रश्नाचे क्रियापद बदलले. 'जाऊ मी?' इथे विचारणारी ती मुलगीच आहे, आणि तिला हवे आहे ते शीलाचे प्रमाणपत्र नाही, धंद्याची माहिती. घरंदाज की बिनघरंदाज या मोजपट्टीने नट्यांची वर्गवारी करणाऱ्या समाजाला हे रुचणे अवघड होते. त्या मोजपट्टीने दुर्गाबाईंचे कौतुक झाले आणि तिनेच कितीतरी गुणी नट्या वर्ज्य ठरवल्या. शांताबाईंनी ती बाजूला ठेवून दुसरी उचलली : काम आणि त्याचा मोबदला. कुलीन असो वा नसो, करार सगळ्यांना सारखाच बांधतो.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. धंद्याची चिकित्सा करणाऱ्या शांताबाईंचे स्वतःचे व्यवहार मोठ्या भावाच्या सल्ल्याने चालत. घर आणि कंपनी या दोन संस्थांपैकी त्यांनी उघडपणे प्रश्न विचारले ते कंपनीला. नीराने जे घरात केले ते शांताबाईंनी फाटकाशी केले. दोन्ही जागी एकदम लढणे त्या काळात कितीजणींना जमले असते, हा विचार मनात ठेवूनच हे नोंदवते.

नंतरची वर्षे

प्रभात सुटल्यावर शांताबाई जिथे काम मिळेल तिथे गेल्या. त्यांचा पल्ला पाहून आजही आश्चर्य वाटते. १९४१ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या तमिळ 'सावित्री'त त्या नायिका होत्या. त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि संवाद, गाणी स्वतःच्या आवाजात केली. याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद झाल्या होत्या. दक्षिणेत मोठे संगीत त्यांच्यासमोर होते, आणि दुधनीत जन्मलेली ही मुलगी तिथे परक्या भाषेत गायली. पुढच्याच वर्षी लाहोरला पांचोलींचा 'जमीनदार'. मद्रास ते लाहोर हा प्रवास कंपनीच्या पगारी नटीला शक्य नव्हता. तो कामागणिक करार करणाऱ्या नटीचा प्रवास आहे. पुढे सगळा चित्रपटधंदा याच रीतीने चालू लागला.

पण धंद्याने दुसरीकडून एक वळण घेतले. पार्श्वगायन रुळले. १९४६ च्या मास्टर विनायकांच्या 'सुभद्रे'त शांताबाईंबरोबर एका गाण्यात सतरा वर्षांची लता मंगेशकर गायली. या गाण्याकडे आता पाहताना जाणवते की दोन युगे एका माइकसमोर उभी आहेत. ज्या नटीचे सारे कसब आवाज आणि शरीर एकत्र हलण्यात होते तिच्यासाठी पुढे जागा आक्रसत गेली. गाणे एकीने गायचे आणि हात दुसरीने हलवायचे अशी कामाची वाटणी झाली. १९४९ साली त्यांचे 'स्वयंसिद्धा', 'मैं अबला नहीं हूँ' आणि मराठीतला 'जागा भाड्याने देणे आहे' असे चित्रपट आले. पहिल्या दोन शीर्षकांवर अजूनही नीराची सावली आहे. पुढे भूमिका विरळ होत गेल्या. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय सत्तेचाळीस. अभिनेत्री नयना आपटे यांच्या रूपाने रंगभूमीशी आणि पडद्याशी असलेला हा धागा पुढे चालू राहिला.

हिशेबाची वही

शेवटी माझ्या हजेरीपत्रकातली एक आठवण. मी काम करत असलेल्या कारखान्यात कांडी भरणाऱ्या बायकांपैकी एक होती. वीस-बावीस वर्षांची असेल. एका पगाराच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "ताई, माझे खाडे कुठं मांडलेत ते दाखवा." मी वही तिच्याकडे फिरवली. तिने बोटाने एकेक चौकोन मोजला. दोन खाडे जादा लागले होते. ते दुरुस्त झाले. पण त्या दिवसापासून कचेरीत तिचे नाव 'भांडखोर' पडले, आणि वर्षभराने ती काम सोडून गेली तेव्हा सगळे म्हणाले, स्वभावच तसा होता. मीही तेव्हा मान डोलावली होती.

शांताबाईंचे पुस्तक वाचताना मला ते चौकोनावर फिरणारे बोट आठवले. तिने आवाज चढवला नव्हता. तिने फक्त वही मागितली होती. वही मागणाऱ्या बाईला आपण तापट म्हणतो आणि सुटका करून घेतो. मग तिचा किस्सा होतो, किस्सा रंगतो, त्यात चाबूक येतो, आणि वहीत काय लिहिले होते हे विचारायचे राहून जाते.

दुधनीवरून आजही गाड्या जातात. शांता आपटे यांचे स्मारक तिथे व्हावे असे मी म्हणणार नाही. 'कुंकू' पुन्हा पाहावा, त्यांचे ते लहानसे पुस्तक शोधून वाचावे, आणि पुढच्या वेळी कुणी छडीचा किस्सा सांगू लागले की त्याला एवढेच विचारावे : ते ठीक, पण करारात काय होते?